दहा वाकळा, ऐंशी रुपये

पत्राचा गोषवारा: सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. टाळेबंदीत हाताला काम हवं म्हणून त्यांनी शेजारणींना घेऊन वाकळा (जुन्या साड्यांच्या गोधड्या) आणि बाळदुपटी शिवायला घेतल्या. २०२१ मध्ये जीएसटी नंबर काढून एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर दुकान उघडलं. आज आठ बायका शिवतात आणि महिन्याला तीसेक वाकळा जातात. गेल्या काही महिन्यांत कंपनीने दोन नियम बदलले. पाठवणीचा खर्च आता प्रत्यक्ष वजनाऐवजी पार्सलच्या आकारावर लागतो. शिवाय ग्राहकाला काही कारण न देता माल परत करता येतो आणि त्याचा जाण्यायेण्याचा भुर्दंड विक्रेत्यावर पडतो. यजमान म्हणतात, 'कंपनीची हमाली करतेस, बंद कर.' मुलगा म्हणतो, 'आई, भाव उतरव, नाहीतर आपण यादीत खाली जाऊ.' बाईंच्या स्वतःच्या मनात एका वाकळेची शिलाई ५०० वरून ४०० करावी असं येतंय, पण ते बायकांना सांगायला तोंड होत नाही. त्या विचारतात: दुकान बंद करू का? आम्हा लहानांना संपवायचंच यांनी ठरवलंय का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमच्याइतकाच राग आला. दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन्सिल घेऊन बसले, कारण ३२ वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर काढल्यामुळे खोड लागली आहे: कुणी व्यवसायाबद्दल रडत आलं की आधी पाणी द्यायचं आणि मग वही मागायची.

तुम्ही पत्रात सगळे आकडे दिलेत, फक्त ते एका रांगेत मांडले नाहीत. मी मांडले. तुमची मोठी वाकळ १,५७५ रुपयांना जाते. त्यातले ७५ जीएसटीचे, म्हणजे तुमच्या हाती १,५००. कापड, अस्तर, दोरा मिळून ४२०. शिलाई ५००. पिशवी, चिकटपट्टी, लेबल ४०. उरले ५४०. पूर्वी कंपनीचं कमिशन आणि पाठवणी मिळून ३३० जायचे आणि २१० उरायचे. आता ४६० जातात, म्हणजे उरले ८०. (कंपनीच्या बिलावरचा जीएसटी तुम्हाला वजावटीत मिळतो, म्हणून तो धरला नाही. तो वजावटीत घेताय ना? तुमचे कर सल्लागार विसरत नाहीत ना, हे एकदा विचारा.) आता पुढचं. तुम्ही लिहिता की दहातल्या दोन परत येतात आणि प्रत्येक परतीमागे साधारण २८० रुपये कापले जातात. आठ वाकळांचे ६४०, त्यातून दोन परतींचे ५६० वजा.

दहा वाकळा विकायला काढल्या की तुमच्याकडे ८० रुपये राहतात. त्यात तुमचा वेळ, विजेचं बिल, मोबाइलचा रिचार्ज काहीच धरलेलं नाही.

यजमानांचं 'हमाली' हे म्हणणं झोंबलं असेल, पण मोठ्या वाकळेपुरतं ते चुकीचं नाही. बाळदुपट्याचा हिशेब मात्र तुम्ही दिलाच नाहीत. नुसतं 'दुपटी पण जातात' एवढं एक वाक्य लिहिलंत. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वाक्यात आहे. दुपटं हलकं असतं, चापून घडी होतं, आणि सहसा कुणी परत पाठवत नाही, कारण बाळाने पहिल्याच दिवशी ते ओलं केलेलं असतं. एक दुपटं विकल्यावर हातात काय राहतं ते आज रात्रीच काढा. दुकान एक असलं तरी त्यातली प्रत्येक वस्तू वेगळा धंदा असते. 'चालू ठेवू की बंद करू' असा प्रश्न आपण अख्ख्या दुकानाबद्दल विचारतो, तो विचारायला हवा एकेका वस्तूबद्दल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, यांनी आम्हाला संपवायचं ठरवलंय का. ताई, मला नाही वाटत. आणि हे मी दिलासा म्हणून सांगत नाही, कारण खरी गोष्ट याहून कोरडी आहे. त्यांनी तुमचा विचारच केलेला नाही. आकारावरून पैसे घ्यायचा नियम करताना त्यांच्यासमोर कुरिअरच्या गाडीतली जागा होती. कापसाची उशी आणि लोखंडी डंबेल एकच जागा अडवत असतील तर गाडीवाल्याला दोन्ही सारखीच. त्या हिशेबात वाकळ नावाची वस्तू सापडली, एवढंच.

अमेरिकेतली एट्सी ही बाजारपेठ हाताने केलेल्या वस्तूंसाठीच प्रसिद्ध झाली. तिनेही ११ एप्रिल २०२२ पासून विक्रीवरची फी ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केली. हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवून संप केला. फी काही खाली आली नाही. उलट आपल्याकडे ॲमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये ३०० रुपयांखालच्या बऱ्याच वस्तूंवरचं विक्री कमिशन काढून टाकलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्लिपकार्टने १,००० रुपयांखालच्या वस्तूंसाठी तसंच जाहीर केलं, आणि मीशो तर २०२१ पासूनच शून्य कमिशनची जाहिरात करते आहे. यातलं काहीही प्रेमापोटी झालेलं नाही. एकाने केलं म्हणून दुसऱ्याला करावं लागलं. दुपट्यांचा भाव या पट्ट्यांत बसत असेल तर तुम्ही त्याचा फायदा घ्या. फक्त 'शून्य कमिशन' म्हणजे 'शून्य कपात' नव्हे. पाठवणी, गोदाम, जाहिरात यांचे पैसे वेगळे असतात, आणि एका खिशातून सोडलेलं दुसऱ्यातून घेता येतं.

माझे वडील जत्रांमध्ये बांगड्या-कटलरीचा गाळा लावायचे. एका जत्रेत दरवर्षी गाळ्यांची जागा बदलायची. एकदा देवळाच्या पायरीलगत, तर पुढल्या वर्षी पार पाण्याच्या टाकीमागे. भाडं तेच, कधी जास्तच. वडील चिडायचे, भांडायचे, आणि मग टाकीमागे गाळा लावायचे. पण त्यांच्याकडे एक लांबट लाल वही असायची. कुठल्या गावची कोण बाई, तिचं बांगडीचं माप, गेल्या वर्षी तिने हिरवा चुडा घेतला की लाल, हे सगळं त्यात. लग्नसराईत ती वही घेऊन ते सायकलवर निघायचे. जत्रेत जे कमी पडायचं ते वहीतून भरून यायचं.

तुमच्याकडे ती वही नाही. चार वर्षांत हजाराच्या वर वाकळा गेल्या असतील, पण त्या कोणाच्या घरी गेल्या हे कंपनीला माहीत आहे, तुम्हाला नाही. तुमची खरी अडचण मला इथे दिसते. पार्सलच्या खर्चाचा नियम उद्या मागे घेतला तरी ही अडचण तशीच राहील.

आता तुम्ही म्हणाल, मग पार्सलमध्ये माझ्या व्हॉट्सॲप नंबरची चिठ्ठी घालते. थांबा. ग्राहकाला बाहेर खेचणं बहुतेक बाजारपेठांच्या करारात मना असतं. खातं बंद झालं तर अडकलेल्या पैशांपासून सगळं निस्तरावं लागतं. पण आपल्या कायद्यातच एक सरळ वाट आहे. बंद पाकिटात माल विकताना त्यावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ग्राहकाच्या तक्रारीसाठी फोन आणि ई-मेल छापावा लागतो. वैधमापन कायद्याच्या २०११ च्या नियमांत ते आहे. म्हणजे तुमचं नाव आणि नंबर पाकिटावर असणं ही लबाडी तर नाहीच, उलट तुमचं कर्तव्य आहे. मग ते मन लावून करा. वाकळेच्या कोपऱ्यात कापडी पट्टी शिवा. तुमच्या दुकानाचं नाव, गाव, आणि जिने शिवली तिचं नाव. पाकीट फेकलं जातं, पण वाकळ दहा वर्षं अंगावर असते. ज्याला दुसरी हवी असेल तो ते नाव शोधेल. दुकानाच्या नावाने एखादं साधं पान असू द्या, म्हणजे शोधणाऱ्याला तुम्ही सापडाल.

परतीबद्दल मला तुमच्याशी थोडं वाद घालायचा आहे. तुम्ही लिहिता, 'लोक वापरून परत पाठवतात.' काही पाठवत असतीलही. पण त्याच परिच्छेदात असंही लिहिलंय की परतीच्या कारणांत बहुतेकांनी 'फोटोसारखी नाही' हा पर्याय निवडलेला असतो. मी तुमच्या दुकानाचं पान उघडून पाहिलं. मोरपंखी आणि राणी रंगाच्या चौकटींची एकच देखणी वाकळ फोटोत आहे, आणि खाली 'रंगसंगती बदलू शकते' असं बारीक अक्षरात. ताई, जुन्या साड्यांची वाकळ दर वेळी वेगळीच होणार, तीच तिची शान. पण नागपूरच्या किंवा इंदूरच्या बाईने मोरपंखी बघून पैसे भरले आणि हातात आली बदामी-चॉकलेटी, तर ती परत पाठवेलच. मीही पाठवली असती. इथे नियम वाईट असला तरी फोटो आपला आहे. प्रत्येक वाकळेचा वेगळा फोटो काढून ती एकच नग म्हणून टाका. काम वाढेल हे कबूल. तीस वाकळांचे तीस फोटो म्हणजे मुलाची एक रविवारची दुपार. भाव उतरवण्याचे सल्ले देण्यापेक्षा त्याने हे करावं.

मापाचंही तसंच. तुम्ही पार्सलचा आकार दिलाय ४५ बाय ३५ बाय १४ सेंटिमीटर. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची गुणून त्याला ५,००० ने भागतात आणि ते वजन मानतात. तुमचं येतं ४.४१ किलो, आणि काट्यावर वाकळ आहे २ किलो २०० ग्रॅमची. म्हणजे निम्मे पैसे तुम्ही हवेचे भरताय. वाकळ घट्ट घडी करून, नाडीने करकचून बांधून, रात्रभर पाट्याखाली किंवा धान्याच्या पोत्याखाली ठेवून पाहा. ४० बाय ३० बाय १० मध्ये बसली तर २.४ किलोच धरलं जाईल. हवा काढून घेणाऱ्या पिशव्याही मिळतात. कापूस भरलेल्या रजईला त्याने गुठळ्या होतात, पण तुमच्या वाकळेत नुसते साड्यांचे थर आहेत, तिला काही होणार नाही. पॅक केलेल्या पार्सलला मोजपट्टी लावून, काट्यावर ठेवून दोन्हीचे फोटो काढा आणि ऑर्डरच्या क्रमांकासह जपून ठेवा. कंपनीने जास्त वजन धरलं तर तक्रारीला मुदत असते, ती बहुधा थोड्या दिवसांची. ती मुदत किती हे आत्ताच वाचून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. परत आलेलं पार्सल उघडतानाही मोबाइल चालू ठेवा. आतमध्ये काय आलं हे नंतर शपथेवर सांगून कुणी ऐकत नाही.

भाव उतरवू नका. उरतात ८०, त्यातले उतरवणार काय?

आणि शिलाई कापू नका. हे मी नुसतं भलेपणाने म्हणत नाही, हिशेबानेच म्हणते. १०० रुपये कापले तर आज ८० चे १८० होतील. पुढचा नियम आला की तेही जातील, आणि तेव्हा कापायला ४०० उरतील, मग ३००. दुसरं असं की तुमच्याकडच्या बायका दुसरीकडे काम मिळत नाही म्हणून बसलेल्या नाहीत. तुम्हीच लिहिलंय, स्ट्रॉबेरीच्या दिवसांत दोघी-तिघी तोडणीला जातात. शिलाई ४०० केली तर त्या परत येणार नाहीत. एक बोट रुंदीवर ओळीने धावदोरा घालणारा हात तयार व्हायला वर्षं जातात. कंपनीला असा हात दुसरीकडे मिळेल, तुम्हाला मिळणार नाही. तोंड होत नाही म्हणता ना? ते बरंच आहे. त्याऐवजी वर मांडलेला हिशेब घेऊन त्यांच्यात बसा आणि आकडे मोठ्याने वाचून दाखवा. माझा अनुभव असा की बायकांना हिशेब दाखवला की त्या वाटा मागत नाहीत, वाट काढतात. कदाचित त्यांतलीच एखादी म्हणेल, लहान वाकळ करू, पाळण्याची, प्रवासाची, सोफ्यावर टाकायची. ती दोन किलोची नसेल.

मग मोठी वाकळ कुठे विकायची? तुमच्या गावापासून महाबळेश्वर-पाचगणी किती लांब आहे? तिथे घरगुती मुक्कामाच्या किती खोल्या आहेत, आणि त्यांतल्या किती पलंगांवर पानिपतच्या गिरणीतली ब्लँकेटं पडली आहेत? एका मालकाने दहा वाकळा घेतल्या तर ना कमिशन, ना कुरिअर, ना परती. १,५७५ च्या जागी १,२६० ला दिली तरी जीएसटी जाऊन १,२०० हाती येतात आणि २४० उरतात, म्हणजे नियम बदलायच्या आधीपेक्षाही ३० जास्त. उधारीची भीती असेल तर उद्यम नोंदणी करून घ्या. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, कुणा एजंटला पैसे देऊ नका. तुम्ही नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग असलात की खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे. न दिले तर व्याज लागतं आणि लहान उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाय मुदत चुकली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्याला तो खर्च आयकरात वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा, पुष्कळदा तेवढंच पुरतं. मात्र ऑनलाइन बाजारपेठेने पैसे अडवले तर ही वाट उपयोगी नाही, कारण माल तिने विकत घेतलेला नसतो.

प्रदर्शनंही आहेत. पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईचं महालक्ष्मी सरस. तुमच्या आठजणींचा बचत गट असेल तर उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कार्यालयात चौकशी करा. चार दिवस उभं राहून पाय सुजतात, पण गिऱ्हाईक समोर दिसतं आणि लाल वही भरायला लागते.

तुम्ही विचारलंत की असा एकाएकी नियम बदलता येतो का. युरोपीय संघात १२ जुलै २०२० पासून असा कायदा लागू आहे की बाजारपेठेने विक्रेत्यांच्या अटी बदलायच्या तर किमान १५ दिवस आधी कळवावं लागतं. आपल्याकडचे २०२० चे ई-कॉमर्स नियम मुख्यतः ग्राहकाचे. त्यांत विक्रेत्याच्या कामाची एक गोष्ट आहे: एकाच प्रकारच्या विक्रेत्यांत कंपनी काही डावं-उजवं करत असेल तर ते तिने अटींमध्ये सांगायला हवं. बाकी तुम्ही 'मान्य' बटण दाबून जो करार केलात तोच. कंपनीकडून येणारी इंग्रजी मेल मुलाकडून दर सोमवारी वाचून घ्या आणि कोणत्या तारखेपासून काय बदलतंय एवढं मराठीत लिहून ठेवा. तुम्हाला हा बदल कळला तो पैसे कमी आल्यावर. मेल त्याआधी येऊन पडली होती, हे तुम्हीच लिहिलंय.

पत्रात 'टीसीएस-टीडीएसचेही कापतात' असं आहे. ते कंपनीच्या खिशात जात नाहीत, तुमच्या नावाने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर आहे तो. जीएसटीचा टीसीएस १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. पोर्टलवर तो स्वीकारला की तुमच्या रोख खातेवहीत जमा होतो, न स्वीकारता तसाच पडून राहतो. आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का, तो विवरणपत्र भरताना मिळतो. इतर वाचक भगिनींसाठी: वैयक्तिक नावावर वर्षाला ५ लाखांपर्यंत विक्री असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल तर हा टीडीएस कापलाच जात नाही. आणि ज्यांना आत्ता सुरुवात करायची आहे त्यांनी ताईंसारखा आधी जीएसटी नंबर काढायलाच हवा असं आता नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन आपल्याच राज्यात ऑनलाइन माल विकता येतो. राज्याबाहेर पाठवायचा तर मात्र नंबर लागतो.

तर दुकान बंद करू नका. मोठी वाकळ तीन महिने तिथून खाली उतरवा, दुपटी आणि लहान नग ठेवा, नवे फोटो टाका, आणि तीन महिन्यांनी पुन्हा हाच हिशेब मांडून मला पाठवा. रागाने घेतलेला निर्णय आठ घरांवर पडतो, आणि सगळं आहे तसं चालू ठेवलं तरी तो भार त्याच आठ घरांवर येतो.

एक राहिलं. हळदीचा डाग पडून परत आलेल्या वाकळेबद्दल तुम्ही पानभर लिहिलंय. ती कपाटाच्या वर टाकून दिलीय, बघवत नाही म्हणता. ती खाली काढा, उन्हात घाला. हळद उन्हाने बरीच उडते. जी राहील तिच्यावर एक ठिगळ लावा, वाकळेला ठिगळाचं काय वावडं! आणि पाचगणीला खोल्यांच्या मालकांकडे जाल तेव्हा नमुना म्हणून तीच पिशवीत घाला.